कृष्णेकाठाने वर, वेण्णेकाठाने खाली

श्रोतेहो, साताऱ्याजवळ माहुली म्हणून गाव आहे. तिथे कृष्णा आणि वेण्णा या दोन नद्यांचा संगम होतो. दोघींचे माहेर एकच, महाबळेश्वरचा डोंगर. एक वाईवरून येते, दुसरी मेढ्यावरून. तेव्हा माहुलीहून निघून एकीच्या खोऱ्याने वर चढले आणि दुसरीच्या खोऱ्याने खाली उतरले, की माणूस फिरून माहुलीलाच पोचतो. हा फेरा सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा. सायकलीने तो एका दिवसात होतो. मी तो पुष्कळदा केला आहे आणि एकदा अर्धाच टाकून परत आलो आहे. त्या अर्ध्या फेऱ्याची गोष्ट सांगायची म्हणून मुख्यतः आज बोलायला बसलो आहे.

निघावे दिवाळीनंतर, पाऊस पुरता सरल्यावर. पहाटेच्या अंधारात पहिला टप्पा महामार्गाचा असतो. तो मला मुळीच आवडत नाही. उसाचे दिवस असतात, ट्रॉल्या भरभरून चाललेल्या असतात आणि त्यांतल्या किती जणींना मागे दिवा असतो, हे तुम्हीच जाणता. आपल्या सायकलीला मात्र मागे तांबडा दिवा असावाच. वाटेत लिंब लागते. तिथली बारा मोटांची विहीर पाहण्यासारखी आहे, पण ती परतीच्या भरवशावर ठेवू नका. परतताना आपण या वाटेने येणारच नाही. पाचवडला महामार्ग सुटला, की ऊस आणि हळदीची शेते लागतात आणि जिवाला बरे वाटते. वाईला पोटभर खाऊन घ्यावे. चहा-बिस्कीट नव्हे, भाकरी.

भाकरी का, ते सांगतो. मी गणिताचा मास्तर. हिशेब केल्यावाचून राहवत नाही. वाईपासून पाचगणीपर्यंत पसरणीचा घाट सुमारे १२ किलोमीटरांचा आणि चढ जवळजवळ ६०० मीटरांचा. म्हणजे वीस मीटर पुढे गेलात, की एक मीटर वर. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. एवढे वजन ६०० मीटर वर न्यायला पाच लाख ज्यूल काम पडते. पण आपले शरीर काही फार काटकसरी यंत्र नाही. खाल्ल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, बाकीचा घाम होऊन जातो. तेव्हा खर्च वीस लाख ज्यूल, म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरींची ताकद. शिक्षक बंधुभगिनींनी हे उदाहरण फळ्यावर जरूर घालावे. मुलांना भाकरीचे ज्यूल लवकर कळतात.

गिअरच्या सायकलीने हे काम कमी होत नाही बरं का. ते फक्त लहान लहान हप्त्यांत द्यावे लागते. साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागे १८ असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरांहून जास्त पळते. घाटात एवढे ओढायला मांड्या पुऱ्या पडत नाहीत. पुढचे-मागचे दात सारखे करता आले, तर एका फेऱ्याला दोनेक मीटर पडतात आणि दम पुरतो. साधी सायकल असेल तर खुशाल उतरून चालावे. घाटात धोम धरणाचे पाणी खाली चमकताना दिसते, ते चालणाऱ्यालाच नीट पाहता येते.

पाचगणीपासून महाबळेश्वरपर्यंत वाट वरच्या वर चालते. दोन्हीकडे स्ट्रॉबेरीचे गादीवाफे. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आत वळले की भिलार लागते, २०१७ साली पुस्तकांचे गाव झालेले. तिथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत. मास्तर मंडळींनी त्यासाठी वेगळा दिवस काढावा. त्या दिवशी तिथे बसलात, तर रात्र तिथेच पडेल. पुढे वेण्णा तलाव येतो. तो १८४२ साली साताऱ्याच्या महाराजांनी बांधवला. इथे दुसरी नदी आपल्याला भेटते आणि उतार सुरू होतो.

लोक म्हणतात, चढ अवघड. मीही तसेच समजत होतो. त्या वर्षी माझ्याबरोबर नववीतला एक मुलगा होता. स्वतःहून हट्ट धरून आलेला, पायाचा मोठा खंबीर. थोरल्या भावाची सायकल घेऊन तो निम्मा घाट माझ्या पुढे चढला. निघताना मी त्याच्या चाकांतली हवा पाहिली, चेनला तेल घातले. ब्रेकचे रबर पाहिले नाहीत.

केळघरच्या घाटात सहाशे मीटरांहून अधिक खाली यायचे असते. चढताना भाकरीतून काढून घातलेले ते पाच लाख ज्यूल इथे परत निघतात, आणि वाऱ्याने खाल्ले तेवढे सोडून बाकीचे रबर आणि रिम यांच्यामध्ये ऊन होऊन बसतात. मी पुढे होतो. उतरायला मोकळे वाटत होते, मागे वळून पाहिले नाही. मागून "सर!" अशी एकच हाक आली. रबर झिजून पत्रा रिमला लागला होता. पोराने चप्पल जमिनीला घासून पाहिली, ती फाटली. पण शुद्ध होती त्याला. दरीकडे न जाता त्याने सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली.

खांद्याजवळचे हाड मोडले. खाली खाचरात भात झोडणारी माणसे धावत आली. एका आजीने लुगड्याचा तुकडा फाडून त्याचा हात गळ्यात बांधला. मेढ्याची एस. टी. त्यांनीच हात करून थांबवली, सायकल टपावर चढवली आणि पैसे देऊ केले तर रागावली.

रात्री त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला पाणी दिले आणि एवढेच विचारले, "सर, तुम्ही पुढं होता का मागं?"

तेव्हापासून उतारावर मी मागे असतो. निघण्यापूर्वी प्रत्येकाचे रबर बोटाने चाचपतो. ब्रेक सतत दाबून धरू देत नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. दर दोन किलोमीटरला सगळ्यांना उतरवतो आणि रिमवर पाण्याचे थेंब टाकतो. चर्र झाले, तर बसून शेंगदाणे खायचे. रिम फार तापली, की आतली ट्यूब फुटते. एखादा तरुण कंटाळतो, मला म्हातारा म्हणतो. म्हणू दे.

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा आला. सायकल तीच, रबर नवे. माहुलीला त्याने आधी वाकून माझ्या सायकलीचे रबर पाहिले आणि मगच आपल्या सायकलीवर बसला. केळघरच्या घाटात त्या गटारीपाशी आम्ही थांबलो. खाचरात ती आजी नव्हती, सून होती. तिला गुळाची ढेप दिली. मेढा, मग कण्हेरच्या धरणाचे पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसत राहिले. माहुलीला पोचलो तेव्हा संगमावर दिवेलागण झाली होती.