तोंड गोड करण्याआधी

(काशीद येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी चिठ्ठी पाठवणार नाही. साखर हराम नाही. मी इथे कुणाचा शीरखुर्मा बंद करायला आलेलो नाही. रमजान जवळ आलाय, त्यानंतर ईद, आणि ईदनंतर लग्नसराई. या दोन-तीन महिन्यांत आपल्या घरांत जेवढी साखर येते तेवढी बाकी वर्षभरात क्वचितच येत असेल. म्हणून हे बोलणं आत्ताच झालेलं बरं.

आधी शब्दांकडे बघू. आपल्या या दोन भाषांच्या मासिकाच्या वाचकांना ते आवडेल. संस्कृतातली ‘शर्करा’ मराठीत साखर झाली, फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि तिथून युरोपात जाऊन शुगर झाली. खडीसाखरेला उर्दूत मिसरी म्हणतात, म्हणजे मिसरची, इजिप्तची. हलवा हा शब्द अरबीतल्या गोडपणाच्या शब्दावरून आला आणि सरबत पिण्याच्या शब्दावरून. म्हणजे साखरेनं हिंदुस्थानातून अरबस्तानात आणि तिथून जगभर प्रवास केला आणि नवी नावं घेऊन पुन्हा आपल्या दस्तरखानावर आली. लग्न ठरलं की कोणी मंगनी म्हणो, कोणी साखरपुडा. पेढा दोन्हीकडे असतोच. चांगली बातमी आणणाऱ्याला आपण म्हणतो, ‘तुझ्या तोंडात साखर पडो.’ जी गोष्ट भाषेत इतकी मुरली आहे ती एका भाषणानं सुटत नाही, हे मला माहीत आहे.

पण पूर्वी साखर होती किती? ती महाग होती, म्हणून पाहुण्यांसाठी होती. महाराष्ट्रात १९५० च्या सुमाराला लोणीला, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे राज्यभर कारखान्यांची रांग लागली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, गावात शाळा आणि रस्ते आले, आणि साखर स्वस्त झाली. आज देशात वर्षाला साधारण २.८ कोटी टन साखर खपते. तिला लोकसंख्येनं भागा. माणशी वर्षाला १९-२० किलो, म्हणजे रोजचे ५० ग्रॅमच्या वर. यात घरातल्या डब्यातली साखर आली, तशीच बिस्किटातली, मिठाईतली, थंड पेयातली आणि केचपमधलीही आली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. आपण सरासरीनं त्याच्या दुप्पट खातो. आणि सरासरी फसवी असते. कुणी अजिबात खात नाही, त्याच्या वाटणीची दुसरं कुणीतरी खातं.

(या स्वस्त साखरेची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली आहे, हे जाता जाता सांगतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो आजचा विषय नाही. पण चहात साखर ढवळताना तोही आठवावा.)

आता तुमच्या वयाचं. वीस-बावीस वर्षांची मुलं म्हणतात, ‘सर, मी तर काडी आहे, मला काय होणार?’ याला पुण्यातून मिळालेलं एक उत्तर आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन एस. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपली दोघांची माहिती छापली. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, ते अगदी सारखं होतं: २२.३. फोटोत दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी असतात, तरी चरबीचा वाटा त्यांच्यात जास्त असतो. (गंमत अशी की युडकिन नावाचे आणखी एक ब्रिटिश संशोधक होऊन गेले. साखरेविरुद्ध इशारा देणारं गाजलेलं पुस्तक त्यांनी १९७२ साली लिहिलं. ते वेगळे. नाव सारखं, म्हणून लोक घोटाळा करतात.)

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण देशात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. चारातला एक. कोकण किनाऱ्याची खाण्यापिण्याची रीत गोव्यापासून फार लांबची नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मधुमेह फक्त साखर खाल्ल्यानं होतो, असं मी म्हणणार नाही. त्यात आनुवंशिकता आहे, पोटावरची चरबी आहे, बसून राहणं आहे, भाताचा डोंगर आणि मैद्याचा पाव आहे. पण या सगळ्यात साखर ही एक अशी गोष्ट आहे जी कमी केली तर शरीराचं काहीही नुकसान होत नाही. भाकरी कमी केली तर भूक लागते. साखर कमी केली तर फक्त आठवण येते.

ही आठवण, म्हणजेच गोडाची हुक्की, येते कशी ते समजून घ्या. सकाळी चहा आणि बिस्किटं खाऊन मुलगा कॉलेजला जातो. रक्तातली साखर भरभर वर जाते, शरीर इन्शुलिन सोडतं, साखर तितक्याच भरभर खाली येते. अकरा वाजता पोटात खड्डा पडतो आणि हात पुन्हा गोडाकडे जातो. त्याला वाटतं आपल्यात निग्रह नाही. प्रश्न निग्रहाचा नाही, नाश्त्याचा आहे. दोन अंडी आणि भाकरी, किंवा मोड आलेली मटकी, किंवा रात्रीची उरलेली मासळी खाऊन गेला असता तर अकराची हुक्की बहुतेक आलीच नसती. दुसरं कारण झोप. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त खावंसं वाटतं. तिसरं कारण नुसती सवय. जेवण झालं की गोड, पाहुणे आले की गोड, कंटाळा आला की गोड. अशी हुक्की दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या कामात घालवली की बहुतेक वेळा ओसरते.

आणि जीभ बदलते. हे माझ्या मते सगळ्यात आशेचं आहे. साखर कमी केलेल्या लोकांना दोन-तीन महिन्यांनी तीच जुनी खीर जास्त गोड लागायला लागते. म्हणून एकदम तोडू नका. चहात दोन चमचे घेत असाल तर पंधरा दिवस दीड, मग एक, मग अर्धा. दिवसाला चार कप चहा पिणारा माणूस दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आला तर रोजचे सहा चमचे वाचतात. मिठाईचं दुकान न सोडता.

सुरुवात मात्र पेयांपासून करा. चावून खाल्लेलं पोटाला कळतं, प्यायलेलं कळत नाही. शनिवार-रविवारी इथे मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर बघा, समोर शहाळी टांगलेली असतात आणि लोक हातात कोलाची बाटली घेऊन उभे असतात. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १०-११ ग्रॅम साखर. ३०० मिलिची बाटली म्हणजे सात-आठ चमचे, दिवसभराच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि पाच मिनिटांत संपते. शहाळ्यातही साखर आहे, पण बरीच कमी. ताडगोळ्यांना अजून वेळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये परत या, रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत रस्त्यात मिळतील. कोकमाचं सरबत चांगलं, पण बाटलीतलं नको. त्यात कोकमाआधी साखर असते. घरच्या आगळात पाणी, मीठ आणि जिरेपूड घाला.

गूळ आणि मध यांच्याविषयी नेहमी विचारलं जातं. गुळात थोडं लोह असेल, चव छान असेल, पण रक्तातल्या साखरेच्या हिशेबात तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. मधही फार वेगळा नाही. ‘शुगर फ्री’च्या गोळ्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की वजन कमी करण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका. आणि खरं कारण त्याहून साधं आहे: त्या गोळीनं जिभेची सवय सुटत नाही.

पाकिटामागची यादी वाचा. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप ही सगळी साखरेचीच टोपणनावं. माल्टोडेक्स्ट्रिनही पोटात गेल्यावर तेच काम करतं. यादीत जो पदार्थ आधी लिहिलेला असतो तो सगळ्यात जास्त असतो.

आता रमजान. दिवसभर रोजा, आणि इफ्तारला काय? लाल सरबताचा मोठा ग्लास, मग खजूर, मग फालुदा, मग भजी आणि समोसे, नंतर गोड चहा. खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असतो. पण त्यात तंतू आहेत आणि आपण एक किंवा तीन खातो. सरबताचे दोन ग्लास मात्र कोणी मोजत नाही. खजूर आणि साधं पाणी घ्या, नमाज पढा, मग जेवायला बसा. फळं चिरून तशीच ठेवा, त्यांच्यावर साखर भुरभुरू नका. सहरीला शेवया-दूध-साखर खाऊन झोपलात तर दुपारी डोकं धरून बसाल; अंडी, डाळ, भाकरी, दही घ्या.

यापुढचं नीट ऐका, कारण यात जीव जाऊ शकतो. २००१ साली भारतासह १३ देशांत मुस्लिम मधुमेहींची मोठी पाहणी झाली. टाइप २ मधुमेह असलेल्या जवळपास ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे धरले होते. टाइप १ म्हणजे रोज इन्शुलिन लागणाऱ्यांपैकीही ४३ टक्क्यांनी. त्या काळात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं होतं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, ती सूरह बकरामध्येच आहे. पण घरात कोण सांगणार? अम्मी औषधाची वेळ परस्पर बदलते आणि कुणाला कळू देत नाही. अब्बांना वाटतं, लोक काय म्हणतील. तुम्ही शिकलेली मुलं आहात. रमजानच्या महिनाभर आधी त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. कुणाला रोजा चालेल, कुणाला नाही, कुणाची गोळी बदलायची, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि रोजा असताना अंगाला घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर रोजा तिथेच सोडायचा आणि तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. तेव्हा साखर हे औषध असतं. म्हणून मी तिला विष म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर सभेत कोणी बोलत नाही. मुलीला मधुमेह असला तर तो लग्न ठरेपर्यंत लपवला जातो, आणि लग्नानंतर ती स्वतः लपवते. सासरी इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवायची चोरी. गोड नको म्हटलं तर ‘नखरे’, घेतलं तर साखर चारशेच्या घरात. या खोलीत बसलेल्या मुलांना माझं सांगणं आहे: स्थळ बघायला गेलात आणि कुणी मिठाई नको म्हटली, तर आग्रह करू नका आणि कारणही विचारू नका. उद्या कारण कळलं तर ते स्थळ मोडू नका. आग्रह हा आपल्याकडे पाहुणचार समजला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा ती जबरदस्तीच असते.

तपासणीचं सांगून थांबतो. घरात आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, किंवा कमरेचा घेर वाढला असेल, तर वयाची वाट बघू नका. उपाशीपोटी साखर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरकडे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून मधुमेह. उंबरठ्यावर असलेला माणूस वजन थोडं उतरवून आणि रोज अर्धा तास चालून बरेचदा मागे फिरतो. चालायला तुमच्यासमोर एवढा लांब किनारा आहे.

चहा आलेला दिसतोय. साखर आज वेगळ्या भांड्यात ठेवायला सांगितली आहे, ज्यानं त्यानं आपापली घ्यावी. प्रश्न चहाबरोबरच घेऊ.