मृगातल्या तेजोमेघाचा फोटो

पौषात रात्री नऊच्या सुमारास विदर्भातल्या किन्हीराजा गावाच्या शिवारात उभं राहिलं, की मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. त्यातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक पुसट ठिपका दिसतो. तो आहे सुमारे 1300 प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ.

त्याच्या फोटोसाठी दुर्बीणच हवी असं नाही. साधा डीएसएलआर, 50 मिलिमीटरची लेन्स आणि न डगमगणारा ट्रायपॉड एवढ्यावर सुरुवात होते. अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. शटर सहा-सात सेकंदांहून जास्त उघडं राहिलं, की तारे लांबट होतात. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर असेल तर मिनिटभरही चालतं. मात्र त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 20 अंशांवर, म्हणून उत्तरेला झाड आडवं नको.

फोटो एक नव्हे, शंभर घ्या. सिरिल, डीपस्कायस्टॅकर ही मोफत सॉफ्टवेअरं ते एकावर एक बसवतात. शंभरांच्या सरासरीत दाणेदारपणा दहापट कमी होतो. शिवाय लेन्सला झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे वीसेक काळे फोटो घ्या. सेन्सरमुळे उमटणारे खोटे ठिपके त्यांवरून वजा होतात. हौशी मंडळी नेमका इथंच कंटाळा करतात!

अंधार मात्र विकत मिळत नाही. विदर्भातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांतले दिवे बदलून, प्रकाश जमिनीकडे वळवल्यावर.

आणि हो, ओलिताच्या गव्हाजवळ कॅमेरा लावू नका, दवानं लेन्स धुरकटते.