कमिशन: बक्षीस की पगार?

रायपूरला लागून असलेल्या उरला औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमधून सळई निघते, पण ती आपल्या पायांनी दुकानात जात नाही. ती खपवणाऱ्याला बहुधा बेताचा ठरलेला पगार आणि वर कमिशन मिळते. हे वरचे पैसे म्हणजे मालकाने खुशीने दिलेले बक्षीस, असा सर्रास समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. समजा, टनाला 100 रुपये ठरले आणि महिन्यात 200 टन माल गेला, तर 20,000 रुपये झाले. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात. पायपीट तेवढीच करूनही 120 टनच खपला, तर हाती 12,000. टनाऐवजी विक्रीच्या रकमेवर टक्केवारी ठरवली, तर लोखंडाचा भाव पडला की टन तेवढेच असूनही कमाई घटते. थोडक्यात, बाजाराच्या चढउताराचा भार मालक नोकराबरोबर वाटून घेतो. घर ज्या पैशावर चालते आणि ज्यात असा भार सोसावा लागतो, त्याला बक्षीस कसे म्हणायचे?

यावर मालक म्हणतील, कमिशन नसेल तर माणूस हिंडणारच नाही. यात तथ्य आहे. बाहेर फिरणाऱ्यावर पाळीच्या कामगारासारखी नजर ठेवता येत नाही. पण नुसत्या टनांवर पैसे दिले, तर तो सूट आणि उधारी वाटत सुटतो. बिल फाटते, पैसे अडकतात. म्हणून कमिशन वसुलीनंतरच द्यावे, असे कुणी सुचवतात. मात्र उधारी कुणाला द्यायची हे ऑफिसात ठरत असेल, तर बुडीत रकमेची शिक्षा विक्रेत्याला का? काही हिस्सा बिलावर, काही वसुलीवर, हा मार्ग मला रास्त वाटतो.

कायद्याचाही इथे गोंधळच आहे. करारानुसार विक्रीच्या ठरावीक टक्क्याने मिळणारे कमिशन पगारातच मोडते, असे गेस्टेटनर डुप्लिकेटर्सच्या आयकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. उलट 1952 च्या भविष्यनिधी कायद्याने मूळ वेतनातून आणि 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने वेतनातून कमिशन वगळले. म्हणजे आयकर भरताना ती मिळकत, निवृत्तीची पुंजी मोजताना मात्र नाही! 2019 च्या वेतन संहितेतही कमिशन वगळलेले आहे. पण अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. तेव्हा नेमणूकपत्र हाती आले की टक्क्याआधी ठरलेल्या पगाराचा आकडा पाहावा, आणि नोकरी सोडल्यावर वसूल होणाऱ्या बिलांचे कमिशन कुणाचे, हे त्यात लिहून घ्यावे.