ओळखलंस का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून या सभागृहात एकच प्रश्न ऐकू येतोय, ‘ओळखलंस का?’ 1994 च्या दहावीनंतर आपण बरेच जण आज पहिल्यांदाच भेटतोय. कुणाचे केस गेलेत, कुणाचं आडनाव बदललंय. मलाही दोघींनी ओळखलं नाही, आणि आम्ही पोट धरून हसलो.

आमच्या घरात मात्र या प्रश्नाला बंदी आहे. माझ्या आईला अल्झायमर आहे. संयोजक म्हणाले होते, ‘तुझ्या क्षेत्राबद्दल बोल.’ पण सॉफ्टवेअरवर बोलणारे आपल्या तुकडीत खूप आहेत. मी आज आईबद्दल बोलणार आहे.

तुमच्यातल्या अनेकांना ती आठवत असेल. पोस्टाची एजंट. साताऱ्यात गल्लोगल्ली फिरून रिकरिंगचे पैसे गोळा करायची. कुणाचं खातं कधी संपतं, हे वही न उघडता सांगायची. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या ओट्यावर बसून थालीपीठ खाल्लेले निदान पाच-सहा जण मला आत्ता समोर दिसतायत.

2019 मध्ये तिच्या हिशोबात चुका व्हायला लागल्या. दोन पासबुकं तांदळाच्या डब्यात सापडली. बाबा गुपचूप तिच्या वह्या पूर्ण करत राहिले, जवळजवळ वर्षभर. आम्हा भावंडांना त्यांनी कळू दिलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी ‘वय झालं की होतंच’ म्हणून परत पाठवलं. पासबुक कुठे ठेवलं हे विसरणं आपलं सगळ्यांचंच होतं. पण एक दिवस पासबुक हातात घेऊन आईनं मला विचारलं, “याचं काय करायचं असतं गं?” त्या दिवशी मी घाबरले.

मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी बी-12 आणि थायरॉइड तपासलं, नैराश्य नाही ना ते पाहिलं, कारण त्यांमुळेही विसरायला होतं आणि ते उपचारानं सुधारू शकतं. मग एमआरआय झाला. तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिनं गोल छान काढला आणि बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले.

या आजाराची गोष्ट 1901 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये सुरू होते. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांपुढे 51 वर्षांची ऑगुस्ट डेटर नावाची रुग्ण आली. नाव विचारलं तर तिनं ऑगुस्ट सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी ऑगुस्टच. 1906 मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचलेले असतात आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाच्या गुठळ्या, हे आज आपल्याला माहीत आहे. सहसा नव्या आठवणी साठवणारा भाग आधी बिघडतो. म्हणून आईला सकाळचा चहा आठवत नाही, पण तिच्या माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या आठवतात. आज मिळणारी औषधं फार तर वेग थोडा कमी करतात. गेलेलं परत आणत नाहीत.

हे सगळं वाचून, समजून घेऊनही मी चुकले. इंजिनिअर ना! बिघाड दिसला की दुरुस्त करायचा, एवढंच मला येत होतं. दारांवर चिठ्ठ्या लावल्या. रोज सकाळी आईची परीक्षा घ्यायला लागले: आज वार कोणता, मी कोण, नातवाचं नाव काय. उत्तरं वहीत लिहून ठेवायचे. वाटायचं, सरावानं सुधारेल.

मग त्या दोघांना पुण्याला माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथे तिला रात्री संडास सापडेना. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दारात उभी राहायची, ‘घरी जायचंय’ म्हणत. एका रात्री ऑफिसचं काम अडलेलं, बाबा आजारी, आणि आईनं मला तिसऱ्यांदा ‘तुम्ही कोण?’ विचारलं. मी तिच्यापुढचं ताट मागे ओढलं आणि म्हटलं, “आधी सांग मी कोण, मग जेव.”

गृहपाठ न केलेली मुलगी उभी राहते ना वर्गात, तशी ती उठून उभी राहिली. उत्तर येत नव्हतं आणि चुकलंय एवढं कळत होतं. हे मी आजवर फक्त भावाला सांगितलं आहे. आज तुम्हाला सांगतेय, कारण उद्या तुमच्यापैकी कुणीतरी असंच थकून ताट ओढेल. प्रसंग विसरला तरी त्यातून आलेली भावना या रुग्णांच्या मनात बराच वेळ राहते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. त्या रात्री आई घटना विसरली असेल, पण झोपेपर्यंत ती माझ्यापासून लांब बसली.

तीन महिन्यांनी आम्ही साताऱ्याच्या घरी परतलो. वही मी सोडली नाही, फक्त त्यात आईच्या चुका लिहिणं बंद केलं आणि ती कधी अस्वस्थ होते ते लिहायला लागले. दिसलं, की साडेपाचनंतर, उजेड कमी झाला की. मग पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावायला लागलो. त्या वेळेला तिच्यापुढे मेथीची जुडी ठेवतो, ती निवडत बसते. ‘घरी जायचंय’ म्हणाली की ‘हेच तुझं घर’ असं पटवत बसत नाही. ‘तुझ्या घरी विहीर होती ना?’ असं विचारतो. बऱ्याचदा पिशवी खाली ठेवली जाते, नेहमी नाही.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यामागचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. म्हणजे आपल्या या तुकडीतही मी एकटी नसणार. म्हणून चार गोष्टी सांगते. विसरणं वाढलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, तपासा. रक्तदाब, मधुमेह सांभाळा आणि कमी ऐकू येत असेल तर लाज न बाळगता यंत्र लावा. या तिन्हींचा या आजाराच्या धोक्याशी संबंध आहे. बँक, विमा, घराचे कागद हे सगळं माणूस स्वतः ठरवू शकतो तोवर त्याच्याशी बोलून मार्गी लावा. आणि लांबून फोन करणाऱ्या भावंडांनो, ‘माझ्याशी तर छान बोलते की’ असं म्हणू नका. पाच मिनिटं सावरून बोलता येतं. पंधरा दिवस येऊन राहा आणि सांभाळणाऱ्याला सुट्टी द्या. माझा भाऊ आता वर्षातून एकदा येतो, तेव्हा बाबा सलग झोपतात.

शेवटचं. गेल्या दिवाळीत आपल्यातली एक मैत्रीण घरी आली. उंबऱ्यातच म्हणाली, “काकू, मी तुमच्या मुलीच्या वर्गातली. तुमच्याकडे थालीपीठ खायला यायचे.” आईनं ओळखलं नाही. पण तिचा हात धरून तिला आत नेलं, शेजारी बसवलं आणि विचारलं, “जेवलीस का?”

वार, महिना, माझं नाव, सगळं गेलं आहे. तो प्रश्न अजून आहे.

तुम्हीही या. घर तेच आहे, ओटाही तोच आहे. दारात आपलं नाव सांगा, कुठले ते सांगा आणि आत या. फक्त ‘ओळखलंत का?’ एवढं विचारू नका.