सातबाऱ्यामागची माणसे
(बैठकीतील भाषणाचा मजकूर)



राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाटांनी लिहिल्या. आपल्या वाडवडिलांची नावे लिहिली सरकारने, आणि तीही प्रेमापोटी नव्हे. शेतसारा कोणाच्या मानेवर बसवायचा हे ठाऊक असावे म्हणून. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, मागोमाग मोजणीच्या साखळ्या आल्या, सर्व्हे नंबर पडले आणि नंबरापुढे नाव चढले. आम्ही काही जण तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसू लागलो, तेव्हा कळले की आपला खापरपणजोबा तिथेच दप्तरात बांधून ठेवलेला आहे.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यावरून करायची. नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार काढला की 'अमुक मयत, वारस अमुक' अशी नोंद मिळते आणि तिथून मागचा धागा लागतो. असे उतरत गेले की विदर्भात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत, मराठवाड्यात खासरा पाहणी पत्रकापर्यंत पोचता येते. एकत्रीकरण झालेल्या गावात गट नंबरावर वाट अडते. जुना सर्व्हे नंबर कोणता, याचे तक्ते भूमी अभिलेख कार्यालयात असतात. वर्धा-नागपूरकडे मालगुजारी होती, ती १९५१ साली गेली. तिकडे आपला माणूस मालक म्हणून सापडत नाही, मालगुजाराची रयत म्हणून सापडतो.

आजोबाचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत. म्हणून नुसत्या नावावर भुलू नका, 'वल्द' च्या पुढे काय लिहिले आहे ते वाचा. 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. कोतवाल बुकात मृत्यूची तारीख मिळाली तर दोन सारख्या नावांचा गुंता सुटतो.

आता खरी मेख ऐका. जुन्या उताऱ्यावर नावापुढे बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.' लिहिलेले असते. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, चार भाऊ एकत्र, म्हणून थोरल्याचे नाव सगळ्यांच्या वतीने लागले. पुढे उतारा पुन्हा लिहिताना ही तीन अक्षरे कुठेतरी गळाली, आणि थोरल्याची पोरे म्हणू लागली की जमीन आमच्याच बापाची. धाकट्याचे नातू आज त्याच वावरात कापूस वेचायला मजुरीने जातात. असे प्रकार आम्ही कागदावर पाहिले आहेत. म्हणून नुसता सातबारा बघून गप्प बसू नका, नाव मुळात ज्या फेरफाराने चढले त्याची नक्कल मागा. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. हक्काचाच वाद असेल तर मात्र दिवाणी कोर्टाशिवाय गती नाही. महसुली नोंद म्हणजे मालकी नव्हे.

कोर्टाचे कागद तर याहून बोलके. वाटणीच्या दाव्यात वकील मुळपुरुषापासून वंशावळच मांडतो. साक्षीदाराच्या जबानीत वय, बापाचे नाव, गाव सगळे येते. मिसली सगळ्या जपत नाहीत, निकाल आणि हुकूमनामा त्यापेक्षा जास्त टिकतो. सावकाराच्या दाव्यांतही आपली माणसे भेटतात, प्रतिवादी म्हणून. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज राहिले. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यांनी जाळले ते शहाणपणानेच जाळले, पण तसलाच एखादा वाचलेला रोखा आज पणजोबाचा पत्ता सांगतो!

मायबहिणींचे काय? कागदावर त्या फार थोड्या. लेकीचे नाव दिसते ते बहुधा हक्कसोडीच्या लेखात. विधवेचे दिसते ते 'अ.पा.क.' या अक्षरांबरोबर, म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून. मुलगा सज्ञान झाला की ती उताऱ्यावरून गेली. राबली ती, नाव पोराचे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतका हक्क दिला. तेव्हा वंशावळ काढाल तेव्हा लेकी गाळू नका, नाही तर तुमच्यात आणि त्या जुन्या कारकुनात फरक काय?

अडचण लिपीची आहे. जुने कागद मोडीत, निजामी मुलखातले उर्दूत. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला निघाल्यावर सरकारलाही या लिप्या वाचणारे शोधावे लागले. तालुक्यात मोडी वाचणारा एखादा म्हातारा असेल तर त्याच्याजवळ दोन पोरे आत्ताच बसवा.

आणि पेटीतला जुना कागद प्लास्टिकमध्ये चिकटवून घेऊ नका, चिकटपट्टीही लावू नका. आधी फोटो काढा, मग सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या बैठकीला येताना अस्सल घरीच राहू द्या, झेरॉक्स आणा.