परवाना एकाचा, घर दोघांचं

(फरीदाबादमधल्या मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या 'निर्भया' घटनेची आठवण त्या नावातच होती. वजन अर्धा किलो, बोअर .३२, किंमत १,२२,३६० रुपये आणि सोबत दागिने ठेवायला शोभेल अशी मरून पेटी. मणिपूरमध्ये बंदुकीनं उद्ध्वस्त झालेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेपराम यांनी त्यावर सडकून टीका केली. बायकांना सुरक्षित ठेवता येत नाही याची ही सरकारनंच दिलेली कबुली आहे, असा त्यांचा सूर होता. टीका रास्तच होती. पण बातम्यांत गाजलं ते वजन, किंमत आणि पेटीचा रंग. मूठ किती जाड, चाप किती जड, घरी आल्यावर हे कुठे राहणार आणि किल्ली कुणाकडे, याची चर्चा कुणी केली नाही.

नवरा-बायको दोघांना चालेल असं शस्त्र घरात ठेवायचं म्हटलं की हेच बिनपेटीचे प्रश्न पुढे येतात. फरीदाबादमध्ये हा विचार हवेतला नाही. नहरपारच्या नव्या इमारतींत दोघंही नोकरी करणारी जोडपी राहतात. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याचं गुरुग्रामला जाणं-येणं, गावाकडचे आई-वडील दूर. शेजारी कुणाकडे तरी लायसन असतं, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि एखाद्या रविवारी जेवणानंतर विषय निघतो, 'आपणही एक घेऊन ठेवावं का?'

इंटरनेटवर शोधलं तर उत्तर तयार मिळतं. अमुक कंपनीचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल घ्या, दोघांनी मिळून वापरा. ही अमेरिकेतली सोय आहे, इथे तिचा काडीचा उपयोग नाही. ९ मिलिमीटर आपल्याकडे 'पीबी', म्हणजे प्रोहिबिटेड बोअर. सामान्य नागरिकाच्या वाट्याला 'एनपीबी' येतं, म्हणजे हातातल्या शस्त्रांत मुख्यतः .३२ आणि .२२. परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांसाठी बंद असल्यानं गन हाऊसच्या काचेआडची जुनी वेब्ली किंवा वॉल्थर तिच्या वयाला न शोभणाऱ्या किमतीला विकली जाते. नवं घ्यायचं तर पर्याय बोटांवर मोजण्याइतके. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, तिथलंच २०२३मध्ये आलेलं 'प्रबल', .३२चं 'अशनी' पिस्तूल आणि ईशापूरचं अडीचशे ग्रॅमचं .२२ 'निडर'. खासगी कारखान्यांचीही काही शस्त्रं आता मिळतात. बस्स.

आणि दुकानाच्या आधी सेक्टर २१-सीमधलं पोलीस आयुक्तालय. शस्त्र कायदा १९५९चा, नियम २०१६चे. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा, ते घरी सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी हवी, पोलिसांचा चौकशी अहवाल हवा आणि शस्त्र का हवं याचं पटण्याजोगं कारण हवं. 'रात्री भीती वाटते' एवढ्यावर फाईल सहसा पुढे सरकत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, पण एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहतील असं ठरवलं. वरातीतल्या गोळीबारालाही त्याच दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आला.

शस्त्र बाळगणं हा हक्क असावा, अशी मागणी आपल्याकडे झालीच नाही असं नाही. १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, ती होती. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी ती पुन्हा मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. हा हक्क मूलभूत केला तर सराईत गुन्हेगारालाही तो नाकारता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मागणी फेटाळली गेली आणि परवाना ही सरकारनं दिलेली सवलतच राहिली.

ही सवलत एका नावावर मिळते. इथेच 'दोघांसाठी एक' हा हिशेब बिनसतो. नवऱ्याच्या नावावर परवाना आहे म्हणून बायकोला ते शस्त्र बाळगण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कायद्यातली सूट अगदी अरुंद आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानं, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. नवरा चार दिवस पुण्याला गेला, किल्ली बायकोकडे आणि रिव्हॉल्व्हर तिच्या उशाशी, ही व्यवस्था घरात कितीही समंजस वाटली तरी विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा आता किमान दोन वर्षं आहे. प्रत्यक्ष हल्ल्याच्या क्षणी स्वसंरक्षणाचा हक्क तिलाही आहे, तो भारतीय न्याय संहितेनं कुणाकडून काढून घेतलेला नाही. पण रोजचा ताबा ही वेगळी गोष्ट. दोघांनी वापरायचं असेल तर दोघांचे अर्ज, दोघांचं प्रशिक्षण, दोघांची चौकशी. फरीदाबादमधल्या जोडप्यानं दुकानात जाण्याआधी बोलायचं ते हे.

समजा, कागद झाले. मग निवड कशी करायची? गन हाऊसमध्ये बहुतेक वेळा शस्त्र नवऱ्याच्या हातात दिलं जातं, तो ते तोलून पाहतो आणि बायकोकडे वळून 'हलकं आहे, बघ' म्हणतो. इथेच फसगत होते. हलकं शस्त्र पर्समध्ये सोपं, पण हातात अवघड. गोळी तीच, बारूद तेवढंच आणि झटका शोषायला लोखंड कमी, त्यामुळे सगळा हिसका मनगटाला. सातशे ग्रॅमच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा नवशिक्याला बरं वाटतं, आणि हे बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे.

त्याहून महत्त्वाचं अंतर मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचं. रिकामं असल्याची खात्री केलेलं रिव्हॉल्व्हर सुरक्षित दिशेला धरून पाहावं. नळी मनगटाच्या सरळ रेषेत असताना पहिल्या बोटाचं पेर चापावर नीट टेकतं का? बोटाचं फक्त टोक पोहोचत असेल तर माणूस नकळत मूठ फिरवून घेतो, अंगठ्याचं मूळ बाजूला सरकतं आणि नेम जातो. मोठा हात लहान मुठीशी जमवून घेऊ शकतो, लहान हाताला मोठ्या मुठीशी जमवता येत नाही. म्हणून माप नेहमी घरातल्या लहान हाताचं घ्यावं, मग तो हात नवऱ्याचा असला तरी.

पुढचा प्रश्न चापाचा. घोडा मागे न ओढता थेट चाप दाबून बार काढायचा, तर रिव्हॉल्व्हरला साधारण पाच किलोंच्या आसपास जोर लागतो. बोट थरथरतं, नळी खाली झुकते. घोडा अंगठ्यानं मागे ओढला की चाप एकदम हलका होतो. पण अंधारात, घाबरलेल्या हातात, घोडा चढवलेलं रिव्हॉल्व्हर ही नसती आफत. बार न काढता तो घोडा पुन्हा खाली उतरवताना अंगठा निसटला की संपलं. सरावानं जड चाप दाबता येतो का, हे दोघांनीही पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. ज्याला तो दाबता येत नाही, त्याच्यासाठी ते शस्त्र नाहीच.

पिस्तुलाचा चाप सहसा याहून सोपा, पण तिथे स्लाइड आडवी येते. .३२ची छोटी पिस्तुलं बहुधा अशा रचनेची असतात की झटका पेलण्याचं काम मुख्यतः स्प्रिंगवर पडतं, म्हणून ती स्प्रिंग आकाराच्या मानानं ताठ. लोणच्याच्या बरणीचं गच्च बसलेलं झाकण उघडताना जसं एका हातानं धरून दुसऱ्यानं जोर लावतो, तसंच इथेही. डाव्या हातात स्लाइड घट्ट धरायची आणि उजव्या हातानं मूठ पुढे ढकलायची. नुसती स्लाइड मागे खेचायला गेलं की मनगट दुखतं. युक्ती कळली की बऱ्याच जणींना जमतं. पण पिस्तुलात आणखी एक सापळा आहे. मॅगझिन बाहेर काढली तरी नळीत एक काडतूस राहू शकतं. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. कानपूरचं जुनं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं. उघडलं की सहाही घरं समोर दिसतात आणि रिकामी काडतुसं आपोआप वर येतात. 'प्रबल'ची चक्री बाजूला सरकते, तीही एका नजरेत तपासता येते. घरात दोघं जण, त्यातला एक क्वचितच हात लावणारा, असा हिशेब असेल तर रिव्हॉल्व्हर बरं. सहा बार पुरतील का, या चर्चेपेक्षा ते रिकामं आहे की भरलेलं हे दोघांनाही चटकन कळणं जास्त कामाचं.

.२२चं काय? नेम शिकायला त्यासारखं दुसरं काही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते याच बोअरच्या पिस्तुलानं. झटका नगण्य, आवाज कमी. पण ती कागदी लक्ष्याची गोष्ट. संरक्षणासाठी .२२ दुबळं धरलं जातं आणि त्याचं काडतूस अधूनमधून फुसकं निघतं. सरावाला .२२, घराला .३२ ही विभागणी दोन शस्त्रांच्या मर्यादेत बसते, खिशात बसतेच असं नाही. सरावासाठी फरीदाबादकरांना लांब जायला नको. १९८२च्या आशियाई खेळांसाठी उभारलेली डॉ. कर्णी सिंग रेंज तुघलकाबादला, सूरजकुंडच्या शेजारीच आहे. शिवाय .१७७चं, वीस जूलपेक्षा कमी ताकदीचं एअर पिस्तूल विनापरवाना मिळतं. चाप आणि नेम कळण्यासाठी त्याच्यावर घालवलेले दोन महिने वाया जात नाहीत.

घराचाही विचार हवा. फ्लॅटमधली आतली भिंत साडेचार इंची, दारं पोकळ फ्लशची. दाराला ती गोळी जुमानत नाही आणि पलीकडे मुलांची खोली किंवा शेजाऱ्याचा दिवाणखाना असतो. बंद खोलीत बार झाला की कान सुन्न होतात, नंतरचं बोलणं ऐकू येत नाही. आणि ज्या काळासाठी शस्त्र घेतलं त्या काळात ते घरी असेलच असंही नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करण्याचे आदेश निघतात. हरियाणात २०२४मध्ये मे महिन्यात लोकसभेचं आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं, म्हणजे एका वर्षात दोनदा हा प्रसंग.

राहिलं घरातलंच संकट. १ ऑक्टोबर २०२४ला पहाटे अभिनेते गोविंदा जुहूच्या घरातून निघण्याच्या तयारीत होते. स्वतःचं परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते निसटलं आणि गोळी गुडघ्याखाली लागली. २२ एप्रिल २००६ला वरळीच्या घरात भाजपचे नेते प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावानं, त्याच्या परवान्याच्या .३२ पिस्तुलातून. फेब्रुवारी २०२४मध्ये बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्या हत्येत वापरलेलं शस्त्र मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं तपासात पुढे आलं. तिन्ही ठिकाणी बाहेरचा चोर नाही, आणि शस्त्र चोरबाजारातलं नाही.

नवरा-बायकोच्या बाबतीत याहून थेट पुरावा कॅलिफोर्नियातून आला. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पावणेदोन कोटी प्रौढांच्या नोंदी २००४ ते २०१६ या काळात पाहिल्या. निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःकडे शस्त्र नाही पण हँडगनवाल्यासोबत राहतात, अशांचा घरात जोडीदाराच्या गोळीनं मृत्यू होण्याचा धोका शस्त्र नसलेल्या घरांच्या सातपट निघाला, आणि असे बळी गेलेल्यांत ८४ टक्के बायका होत्या. अमेरिकेचा आकडा फरीदाबादला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण जिच्या रक्षणासाठी म्हणून शस्त्र आणायचं, तिच्याच बाजूनं हिशेब उलटा फिरू शकतो, हे त्यातून दिसतं. कॅनडात परवान्याच्या अर्जावर सध्याच्या, आणि मागच्या दोन वर्षांत वेगळं झालेल्याही, जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी त्या जोडीदाराला कळवतो. आपल्या कायद्यात अशी संमतीची अट नाही. ती घरानंच घालून घ्यायला हरकत नाही. दोघांपैकी एकानं नको म्हटलं तर शस्त्र येणार नाही आणि ते पैसे लोखंडी जाळीच्या दारात, कॅमेऱ्यात आणि ११२ वर फोन लावायच्या सवयीत जातील. ही हार मानणं नव्हे.

एक गोष्ट मात्र घेणाऱ्या प्रत्येक जोडप्यानं आधीच ठरवून ठेवावी, कारण तिच्याबद्दल कुणालाच बोलवत नाही. परवानाधारक गेला की त्या दिवसापासून कपाटातलं शस्त्र बिनपरवान्याचं होतं. कायद्याच्या कलम २१नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारस म्हणून मागणी करता येते. धारकाची सत्तरी झाली असेल किंवा शस्त्र हाती येऊन पंचवीस वर्षं झाली असतील, तर २०१६च्या नियमांनुसार तो हयात असतानाच वारसाच्या नावावर करण्याची सोय आहे. तेव्हा परवान्याची झेरॉक्स, विक्रेत्याचा पत्ता आणि काडतुसांची पावती घराच्या कागदांच्या फाईलमध्ये असावी. आणि ते रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं रिकामी कशी करायची, हे परवाना ज्याच्या नावावर नाही त्यालाही रेंजवर, परवानाधारक शेजारी उभा असताना, प्रशिक्षकाकडून दाखवून घ्यावं.