आडनाव एक, घराणी दोन

नागपुरात भोसले म्हटलं की आपल्याला महालातला वाडा आठवतो, रघूजीराजे आठवतात, बंगालच्या स्वाऱ्या आठवतात. याच रघूजींनी 1741 साली त्रिचनापल्ली घेऊन तंजावरला त्रास देणाऱ्या चंदासाहेबाला कैद केलं, तेव्हा तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असणार. तेही भोसलेच, पण घराणं वेगळं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचं. त्या तिकडच्या भोसल्यांनी नाचासाठी मराठीत जे लिहून ठेवलं ते आज रंगमंचावर दिसतं. त्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या सुचेता भिडे-चापेकर यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी, त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी. ते 1798 साली गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे हाताशी उरला तो वेळ. सरफोजींनी त्यात सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि नाचासाठी मराठी निरूपणं रचली. एका निरूपणात अठरा रचना असतात. जयजय, शरणु, अलारू अशी सुरुवात होते. पुढं शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, त्रिपुट अशी वाटचाल करत शेवटी मंगळ. गंमत अशी, की अठराही रचनांना राग एक, ताल एक आणि कथाही एकच. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात दर रचनेला राग बदलतो, प्रेक्षकाचा कान ताजा राहतो. इथं ती सोय नाही. नर्तकीनं एकाच रागात सगळी संध्याकाळ पेलायची.

त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज धरमपेठेतल्या वर्गातही शिकवतात, तो या चौघांनी बसवला. त्यांचा क्रम देशभर गेला, राजाची निरूपणं मात्र पोथ्यांत राहिली.

ती नाचात आणली मालवणच्या पार्वतीकुमारांनी. नावावरून फसू नका, हे गुरुजी पुरुष. मुंबईत शिकवत असताना त्यांनी सरफोजींच्या साहित्यावर नृत्य बसवलं आणि ते रंगमंचावर सादर केलं त्यांच्या शिष्येनं, सुचेता भिडे यांनी. पुढं त्या तंजावरच्या किट्टप्पा पिळ्ळैंकडेही शिकल्या. किट्टप्पा म्हणजे त्या चार भावांचे वंशज. एकाच दरबारातून फुटलेल्या दोन वाटा, राजाची आणि नट्टुवनारांची, एका नर्तकीत येऊन मिळाल्या. त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही.

पण बाईंचं त्यावर भागलं नाही. मराठी माणसाचा कान अभंगावर, नाट्यपदांवर, ख्यालाच्या बंदिशीवर पोसलेला. कर्नाटक संगीतातलं पद तो आदरानं ऐकतो, पण मान आपोआप डोलत नाही. म्हणून त्यांनी भरतनाट्यमच्या रचना हिंदुस्थानी रागांत बांधल्या आणि त्या उपक्रमाला ‘नृत्यगंगा’ म्हटलं. हे नुसतं राग बदलून होत नाही. बंदिश गायकाच्या लहरीनं फुलते, नाचाला मात्र आवर्तनाचा हिशेब चोख लागतो. अडवूंचे, म्हणजे नाचाच्या मूळ पदन्यासांचे, बोल मृदंगाच्या अंगाचे, आपला कान तबल्याच्या ठेक्याचा. हे सगळं नव्यानं जुळवावं लागतं.

‘ही भेसळ आहे’ अशी कुरकुर अशा प्रयोगाविषयी ऐकू येते. मला ती पटत नाही. चार भावांतल्या वडिवेलूनं परदेशी व्हायोलिन आपलंसं केलं, सरफोजींनी पदरी पाश्चात्त्य बँड ठेवला. अशा दरबारातून निघालेल्या नाचानं यमन किंवा बागेश्रीचा विटाळ का मानावा?

सुचेताताईंनी पुण्यात कलावर्धिनी ही संस्था उभी केली, शिष्या घडवल्या. त्यांची कन्या अरुंधती पटवर्धन याही नाचतात आणि शिकवतात. 2007 सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुचेताताईंना मिळाला.

आपल्याकडं ओळखीच्या घरून अरंगेत्रमचं, म्हणजे मुलीच्या पहिल्या जाहीर नृत्याचं, बोलावणं येतं, तेव्हा आपण मुलीचा फोटो बघून पत्रिका बाजूला ठेवतो. या वेळी आतलं पान उघडा. रचनाकाराच्या जागी सरफोजीराजे भोसले असं नाव असेल, तर वेळेआधी जाऊन पुढची खुर्ची धरा. शब्द मराठी आहेत, कानावर नीट पडायला हवेत.